व्हॅक्यूम ब्रेकचा हिशेब शिकवणाऱ्या नानांस

पाचोरा, जि. जळगाव

आदरणीय नाना,

सादर प्रणाम.

हे पत्र मी आपल्या घरच्या पत्त्यावरही पाठवू शकलो असतो. पण घरच्या संगणकावर रेल्वे चालवणारे आणि व्हॅक्यूम ब्रेकच्या (नळीतली हवा काढून, म्हणजे निर्वातावर चालणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या) आकड्यांपाशी माझ्यासारखेच अडकलेले आणखीही लोक आहेत, आणि आपण मला जे शिकवलेत ते त्यांच्याही कामी यावे, म्हणून हे उघडे पत्र. नाव लिहू नये ही आपली सूचना मी पाळली आहे. आपण भुसावळला टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारे, होतात आणि सुटण्यापूर्वी गाडीचा ब्रेक तपासणे हे आपले नोकरीभराचे काम होते, एवढी ओळख वाचणाऱ्यांना पुरेशी आहे.

आमची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी, आपल्याला ठाऊकच आहे. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर, दोन रुळांत अडीच फुटांचे अंतर असलेली अरुंद वाट (नॅरोगेज), मध्ये वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा तीही थांबली, आणि पुन्हा सुटली नाही. आता तो मार्ग ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जायचा आहे. त्याचा आनंद आहेच, पण ज्या गाडीने मी शाळेला गेलो ती गाडी कुठेतरी चालती राहावी, अशी माझी इच्छा होती. म्हणून इंजिन आणि चार डबे संगणकावर उभे करण्याचे काम मी हाती घेतले. डब्यांचा रंग, खिडक्यांचे गज, बाकांच्या फळ्या हे सगळे हळूहळू जमत गेले. ब्रेक मात्र जमेना.

माझी अडचण वाचणाऱ्यांना नीट कळावी म्हणून थोडे मागे जातो. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला. त्यात प्रत्येक इंजिनाची आणि डब्याची एक साधी मजकुराची फाईल असते आणि ब्रेकचा प्रकार, दाब, जोर, ब्रेक लागण्याचा व सुटण्याचा वेग हे सर्व त्या फाईलमध्ये आकड्यांनी लिहिलेले असते. पुढे स्वयंसेवकांनी बनवलेला ओपन रेल्स हा विनामूल्य प्रोग्राम आला. तो त्याच जुन्या फाइली वाचतो, पण ब्रेकचा हिशेब स्वतःच्या पद्धतीने करतो, आणि त्याच्या आवृत्त्या पुढे सरकत गेल्या तसा तो हिशेब खऱ्या गाडीच्या अधिकाधिक जवळ गेला. माझी फाईल जुन्या आवृत्तीवर बसवलेली होती. नवी आवृत्ती घेतल्यावर तीच गाडी शेंदुर्णीच्या फलाटावरून निघताना ब्रेक धरून ओढल्यासारखी चालू लागली. इंजिनातल्या व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजची सुई रेंगाळत वर चढे आणि शेवटच्या डब्याचा ब्रेक तर फार उशिरा सुटे. मी ब्रेक सुटण्याच्या वेगाचा आकडा तिप्पट केला. चार डब्यांची गाडी सुधारली, पण आठ डबे जोडले की पुन्हा तेच. आणि ती फाईल जुन्या आवृत्तीत परत नेली तर तिथे ब्रेक डोळ्याचे पाते लवायच्या आत सुटू लागले. एकीकडे शिवले की दुसरीकडे उसवत होते. या अवस्थेत तीन महिने गेले.

अशा वेळी माझ्या मामांनी मला आपल्याकडे आणले. आपण संगणकाला कधी हात लावलेला नाही, हे आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत, आणि मी मनातल्या मनात निराश झालो, हे आज कबूल करतो. आपण मला फाईलविषयी काहीच विचारले नाहीत. नानींकडून स्टीलचा एक पेला मागवलात, तो तोंडाला लावून आतली हवा ओढलीत आणि हात सोडून दिलात. पेला ओठांना तसाच चिकटून राहिला. मग तो काढून आपण म्हणालात की हा पेला मी धरलेला नाही, बाहेरच्या हवेने धरला आहे. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये जोर लावते ती ही बाहेरची हवाच.

त्यानंतरचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी धावत असताना सिलिंडरच्या पिस्टनच्या वरही व्हॅक्यूम असतो आणि खालीही. ड्रायव्हरने किंवा गार्डाने नळीत हवा सोडली, किंवा प्रवाशाने साखळी ओढली, की ती हवा पिस्टनखाली शिरते, वरच्या बाजूचा व्हॅक्यूम झडपेने अडवलेला राहतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला वर ढकलून ब्रेक लावतो, हे आपण कागदावर काढून दाखवलेत. मग आकडे आले. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांचा, म्हणजे चौरस इंचाला १४.७ पौंड. आपल्याकडे गाडीत व्हॅक्यूम ठेवायचा तो २० इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे ५१० मिलिमीटर, आणि त्यातून हाती येणारा दाब चौरस इंचाला जेमतेम १० पौंड. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर ब्रेकच्या सिलिंडरमध्ये पूर्ण ब्रेकला चौरस सेंटिमीटरला ३.८ किलोचा दाब येतो, तो याच्या पाचपटीहून अधिक. म्हणूनच व्हॅक्यूमचे सिलिंडर एवढे थोराड असतात: १८ इंच व्यासाचा पिस्टन घेतला तरच त्या १० पौंडांतून अडीच हजार पौंडांचा जोर निघतो. आणि सिलिंडर थोराड म्हटला की त्यातली हवा ओढून काढायला वेळ हा लागणारच. प्रत्येक जादा डब्याबरोबर तो वेळ वाढणार. आपण हे सहज बोलून गेलात, पण तीन महिने मी ज्या वागण्याला नव्या आवृत्तीचा दोष समजत होतो ते खऱ्या गाडीचे वागणे होते, हे मला त्या वाक्याने उमगले. जुनी आवृत्ती माझ्या गाडीत डब्यांच्या पोटातली हवा मोजत नव्हती. नवी मोजत होती.

मग आपण फाईल वाचून दाखवायला सांगितलीत. मी ओळी वाचत गेलो, आपण डोळे मिटून ऐकत होतात. पूर्ण जोर येण्यासाठी सिलिंडरमध्ये किती दाब लागतो, या ओळीपुढे ५४ असा आकडा होता. आपण लगेच थांबवलेत. “५४ पौंड म्हणजे ३.८ किलो. हा एअर ब्रेकच्या डब्याचा आकडा आहे, तुमच्याकडे कसा आला?” तो कसा आला हे मला त्या क्षणी कळले. मी एअर ब्रेकच्या एका डब्याची फाईल उतरवून घेतली होती आणि तिच्यातला केवळ ब्रेकच्या प्रकाराचा शब्द बदलला होता. व्हॅक्यूममध्ये तो दाब कधी येणारच नसल्यामुळे पूर्ण ब्रेक लावूनही माझ्या डब्यांना अर्धासुद्धा जोर मिळत नव्हता, आणि गाडी थांबत नाही म्हणून मी ब्रेकचा कमाल जोर भरमसाट वाढवून ठेवला होता. एका चुकीवर दुसऱ्या चुकीचे पांघरूण घातले होते. स्क्रीनकडे न पाहता, केवळ कानाने ऐकून आपण ती चूक पकडलीत. त्या दिवशी नानींनी वाढलेले भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना माझे अर्धे लक्ष त्या आकड्याकडेच होते, त्याबद्दल नानींनी मला क्षमा करावी.

पुढचे चार रविवार आपण मला दिलेत. त्यांतला दुसरा रविवार मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपण मला नवीन आकडा लिहूच दिला नाहीत. “भाऊ, आधी गाडीले इचार, मंग फाईलले,” असे म्हणून आपण माझ्या हाती शंभर पानी वही दिलीत. आधी केवळ इंजिन उभे करायचे आणि शून्यापासून २० इंच व्हॅक्यूम व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून लिहायचे. मग एक डबा जोडून, मग दोन, मग चार. मग एक्झॉस्टर (नळीतली हवा ओढून काढणारा पंप) बंद करून सुई गळतीने किती वेगाने पडते ते पाहायचे. मग पूर्ण ब्रेक लावून इंजिनामागच्या आणि शेवटच्या डब्यात किती अंतराने ब्रेक लागतो ते टिपायचे. ओपन रेल्समध्ये एफ-५ची कळ दाबून पुढची पाने उलटत गेले की प्रत्येक डब्याचे आकडे पडद्यावर दिसतात, त्यामुळे हे शक्य झाले. हे सगळे जुन्या आवृत्तीत एकदा आणि नव्या आवृत्तीत एकदा. दोन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या तर एकाच संगणकावर सुखाने नांदतात.

याच मोजणीत माझी आणखी एक खोड सुटली. ओपन रेल्समध्ये शिफ्ट धरून तिरप्या रेघेची कळ दाबली की सगळे ब्रेक एका झटक्यात सुटलेले होतात. मी प्रत्येक फेरीच्या आरंभी ती दाबत होतो, आणि त्यामुळे व्हॅक्यूम तयार होण्याचा काळ मी कधी पाहिलाच नव्हता. ती कळ काय करते हे सांगितल्यावर आपण क्षणभर गप्प झालात आणि म्हणालात की गेज भरेपर्यंत थांबणे हेच तर आमचे काम होते. तेव्हापासून मी ती कळ दाबलेली नाही.

वहीतल्या आकड्यांनी रोग स्पष्ट दाखवला. जुन्या आवृत्तीत एक डबा असो की चार, वेळ जवळजवळ सारखाच होता. नव्या आवृत्तीत तो डब्यागणिक वाढत होता, पण पाहिजे तेवढाच नाही, त्याहून बराच जास्त. कारण सिलिंडर आणि नळी यांच्या घनफळाच्या ओळी माझ्या फाईलमध्ये नव्हत्याच, आणि जी ओळ नसते तिच्या जागी प्रोग्राम स्वतःचा ठरीव आकडा घेतो. तो आकडा माझ्या अरुंद वाटेच्या छोट्या डब्याचा नव्हता. आपण आपल्या जुन्या टिपणांवरून आणि मी डब्याच्या मोजमापांवरून घनफळे काढली, ती फाईलमध्ये घातली, ५४ आकडा काढून पाऱ्याच्या इंचांतला आकडा एककासह लिहिला, वाढवलेला जोर मूळपदावर आणला आणि तिप्पट केलेला वेग पुसून टाकला. इतके झाल्यावर नव्या आवृत्तीतल्या गाडीचे ब्रेक आपण सांगितलेल्या वेळेच्या तीन सेकंद इकडेतिकडे सुटू लागले. आठ डबे जोडले तेव्हा आणखी काहीही बदलावे लागले नाही.

जुन्या आवृत्तीची सोय कशी केली तेही, ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी, इथेच लिहितो. इंजिनाच्या आणि डब्याच्या फोल्डरमध्ये ओपनरेल्स नावाचे एक आतले फोल्डर करायचे आणि त्यात त्याच नावाची छोटी फाईल ठेवायची. तिची पहिली ओळ कोरी सोडायची, दुसऱ्या ओळीत मूळ फाईल समाविष्ट करण्याची आज्ञा द्यायची आणि त्याखाली केवळ बदललेल्या ओळी लिहायच्या. २००१ च्या सिम्युलेटरला हे आतले फोल्डर दिसतच नाही, त्यामुळे मूळ फाईलला धक्का लागत नाही. ओपन रेल्सच्या जुन्या आवृत्तीला ज्या ओळी कळत नाहीत त्या ती सोडून देते. तिथे घनफळाचा परिणाम दिसत नाही, पण खोटा वेगही आता उरलेला नाही, त्यामुळे गाडी निदान चुकीची वागत नाही. पूर्वी मी प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा आकडा शोधत होतो. आता फाईलमध्ये डब्याचे माप आहे, आणि डब्याचे माप आवृत्तीगणिक बदलत नाही.

नाना, आपण याबद्दल एक पैसा घेतला नाहीत, चहासुद्धा आपल्याच घरचा झाला. एका रविवारी तर गुडघा दुखत असूनही आपण भुसावळहून पाचोऱ्याला आलात, माझ्या टेबलाशी बसलात आणि पहूरपर्यंत गाडी स्वतः चालवलीत. ब्रेक लावताना आपला हात कळफलकावर नव्हता, हवेत होता, हँडल धरल्यासारखा, आणि काय दाबायचे ते आपण मला सांगत होतात. पहूरला गाडी फलाटाला बरोबर लागली तेव्हा आपण गेजकडे पाहून नुसती मान हलवलीत. माझ्या या सगळ्या कामाची इतकी मोठी पावती मला दुसऱ्या कोणाकडून मिळणार नाही. आपले आभार मी मनापासून मानतो, नानींचेही.

एक गोष्ट राहिली आहे. गार्डाच्या डब्यातला व्हॉल्व्ह उघडला तर सुई इंजिनाकडे कशी पडत जावी, हे मोजायचे आपण म्हणाला होतात, आणि वहीतली ती दोन पाने अजून कोरी आहेत. पोळा झाल्यावरच्या रविवारी मी लॅपटॉप आणि वही घेऊन भुसावळला येतो. आपल्याला तो दिवस सोयीचा नसेल तर मामांकडे निरोप द्यावा.

आपला नम्र,
पाचोऱ्याचा विद्यार्थी