संज्याला पत्र: अणू फोडूनही पाणीच का उकळतात

ऐरोली, रविवार

प्रिय संज्या,

तुझ्या पोरीचा प्रश्न परवा फोनवर ऐकला आणि तेव्हाच ठरवलं की याचं उत्तर घाईघाईत द्यायचं नाही, नीट बसून लिहायचं, कारण माझी सगळी नोकरी ज्या मशीनपाशी, म्हणजे वाफेच्या टर्बाइनपाशी गेली त्याबद्दल इतकं थेट कोणी विचारतच नाही रे. तारापूरला अणू फोडतात आणि शेवटी करतात काय तर पाणी उकळतात, मग इतक्या वर्षांत आपण पुढे काय गेलो, हेच ना तिचं म्हणणं? एकदम बरोबर पकडलंय तिने.

आधी हे सांग तिला की रिअ‍ॅक्टरमधून वीज निघत नाही, उष्णता निघते. कोळशातून पण उष्णताच. आणि जनरेटरला हवं असतं फिरणं. कोयनेला पाणी वरून खाली येतं, ते थेट चाक फिरवतं, पवनचक्कीत वारा फिरवतो, सोलर पॅनेलला तर फिरायचीच गरज नाही, त्यामुळे तिथे वाफ नाही. पण जिथे हातात आधी उष्णता येते आणि तीही शेकडो मेगावॅटच्या हिशोबात, तिथे सगळे फिरून फिरून वाफेपाशीच येतात. आता उरणचं वीज केंद्रच बघ, इथून जवळच. गॅस टर्बाइन आहेत, म्हणजे गॅस जाळून गरम हवेनेच चाक फिरवायचं, वाफेचा संबंध नाही. पण त्यातून बाहेर पडणारी हवा अजून पाचशे डिग्रीच्या वर तापलेली असते, ती काय अशीच सोडून द्यायची? मग तिच्यावर बॉयलर, त्यात पाणी, त्याची वाफ, आणि त्या वाफेवर अजून एक टर्बाइन!

आता पाणीच का? स्वस्त आहे, पेट घेत नाही, विषारी नाही, हे सगळं खरंच आहे, पण माझ्या मते खरी गंमत बॉयलरमध्ये नाहीच, ती आहे दुसऱ्या टोकाला, कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ परत थंड करतात तिथे. वाशीच्या पुलावरून जाताना ट्रॉम्बेच्या वीज प्लँटच्या चिमण्या दिसतात ना, लोक त्या बघतात, धूर बघतात. मला विचारशील तर प्लँट तिथे खाडीवर का बसलाय ते बघायला हवं. थंड करायला समुद्राचं पाणी हवं म्हणून.

टर्बाइनमधून काम करून वाफ बाहेर पडते ती कंडेन्सरमध्ये. आत हजारो नळ्या, नळ्यांतून गार पाणी वाहतंय, वाफ त्यांना लागली की तिचं परत पाणी. तिथे प्रेशर असतं हवेच्या दाबाच्या साधारण दहावा हिस्सा, आणि एवढ्या कमी प्रेशरला एक किलो वाफ जवळपास १५ घनमीटर जागा व्यापते. तिचं पाणी झालं की उरतं एक लिटर! एवढी जागा सतत रिकामी होत राहते, म्हणून आतला व्हॅक्यूम टिकतो. म्हणजे एका बाजूने बॉयलर दीडशे-पावणेदोनशे बारने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) ढकलतोय आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम ओढून घेतोय. कंट्रोल रूममध्ये आमचा अर्धा जीव त्या व्हॅक्यूमच्या आकड्यावर असायचा, मे महिन्यात समुद्राचं पाणीच कोमट यायचं, व्हॅक्यूम पडायचा, की तेवढाच कोळसा जाळून मेगावॅट कमी.

आणि दुसरा फायदा याहून मोठा. सायकलला हवा भरताना पंप तापतो, हात भरून येतात, कारण हवा दाबायला लय ताकद लागते. पाणी दाबलं जातच नाही, त्यामुळे ते परत बॉयलरमध्ये ढकलायला फीड पंपाला टर्बाइनच्या ताकदीतले शंभरातले दोन-चारच द्यावे लागतात. गॅस टर्बाइनमध्ये आधी हवा दाबावी लागते आणि तिचा कॉम्प्रेसर निम्मी किंवा जास्तच ताकद खाऊन टाकतो. दाबायचं पाणी म्हणून आणि फुगवायचं वाफ म्हणून, हा सौदा इतका फायद्याचा आहे की तो सोडून कोणी का जाईल, सांग.

पोरगी कदाचित म्हणेल की मग जुनं पिस्टनवालं इंजिन काय वाईट होतं. एडिसनने १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये वीज विकायला सुरुवात केली तेव्हा पिस्टनचीच इंजिनं होती. पण ती १५ घनमीटर वाफ मावायला सिलेंडर केवढा लागेल विचार कर, त्यामुळे पिस्टनला व्हॅक्यूमचा पुरेपूर फायदा घेताच येत नव्हता. १८८४ ला चार्ल्स पार्सन्सने डोकं लावलं की वाफेचं सगळं प्रेशर एकाच चाकावर उतरवायचं नाही, थोडं थोडं करून एकामागोमाग अनेक चाकांवर उतरवायचं. पुढे पुढे वाफ फुगते म्हणून पाती मोठी मोठी होत जातात. ओव्हरहॉलिंगला केसिंग उघडलं की शेवटच्या ओळीची पाती मीटरभराच्या आसपास लांब, मिनिटाला ३००० फेऱ्यांना त्यांची टोकं आवाजापेक्षा जास्त वेगाने जातात, आणि तिथे वाफ ओली झालेली असते, बारीक थेंब आपटून आपटून पात्याची धार खाल्ली जाते, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. साधं पाणी रे, पण स्टील खातं.

फुकट काहीच नाही हेही सांग तिला. एक किलो पाणी शून्यापासून शंभर डिग्रीला न्यायला जेवढी उष्णता लागते तिच्या पाचपटीहून जास्त नुसती त्याची वाफ करायला लागते, आणि त्यातली बरीचशी कंडेन्सरमधून थेट समुद्रात नाहीतर चंद्रपूर-कोराडीसारखी कूलिंग टॉवरमधून हवेत. कोळशातल्या उष्णतेचा साधारण निम्मा भाग असा जातो. मला याचं आजही वाईट वाटतं.

म्हणूनच मला तुमच्या सांगलीकडचे साखर कारखाने आवडतात. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि टर्बाइनमधून निघालेली वाफ उसाचा रस आटवायला, म्हणजे आम्ही जी उष्णता टाकून देत होतो ती ते वापरतात. तुझ्या मेव्हण्याच्या ओळखीने आत जाता येत असेल तर पोरीला गाळप सुरू असताना घेऊन जा, सीझन संपल्यावर जाण्यात अर्थ नाही. आणि तिथल्या टर्बाइनवाल्याला विचार की त्यांचं मशीन बॅक प्रेशरचं (वाफ दाबासकट पुढे वापरायला सोडणारं) आहे की कंडेन्सिंगचं (आमच्यासारखं कंडेन्सरमध्ये सोडणारं), आणि बॉयलर किती बारचा आहे, मला तेवढं कळव नक्की.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
विज्या