सक्ती पूर्ण, भरपाई अर्धी : नितीन गडकरी यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली.

विषय : अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या विमा भरपाईतील ५० टक्के घसारा (भाग वापरून झिजला असे धरून होणारी कपात) रद्द करण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि. आमच्या मोटारीच्या दाव्याचा अंतिम हिशेब विमा कंपनीकडून याच आठवड्यात हाती आला. त्याच्या पाठोपाठ, सरकारी पोर्टलवर मी केलेल्या तक्रारीचे उत्तरही आले : विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, तो अर्थ मंत्रालयाचा आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. तक्रार निकाली निघाली, पैसे मात्र माझेच गेले, म्हणून आता आपल्याला जाहीरपणे लिहीत आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मागून आलेल्या एका कंटेनरने आमची मोटार पुढच्या ट्रकवर ढकलली. हा उतार आपल्याला ठाऊक असणारच. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने इथे मोटारींची रांगच्या रांग चिरडली, तेव्हा तो देशभर गाजला होता. गाडी मी चालवत होते. डोळ्याची पापणी लवायच्या आत दोन्ही एअरबॅग उघडल्या, गाडीत पांढरी भुकटी पसरली आणि फटाक्यांच्या दारूसारखा वास कोंडला. माझ्या मनगटांना चटके बसले, यजमानांचा चष्मा फुटला. पण आम्हा दोघांची डोकी शाबूत राहिली. यंत्राने काम चोख केले, आणि ते यंत्र जुलै २०१९ पासून चालकासमोर सक्तीचे झाले व शेजारच्या आसनासाठी २०२१ मध्ये आदेश निघाला, याचे श्रेय मी शासनाला मनापासून देते. माझे म्हणणे त्यानंतर सुरू होते.

वर्कशॉपने दिलेल्या अंदाजपत्रकातील केवळ या भागाचा हिशेब सांगते. चालकाची एअरबॅग २२,४०० रुपये, शेजारची २७,९०० रुपये, एअरबॅगचे नियंत्रण करणारे मॉड्यूल १८,६०० रुपये, दोन्ही सीटबेल्ट त्यांच्या प्रीटेन्शनरसह (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे यंत्र) १५,२०० रुपये, आणि शेजारची एअरबॅग डॅशबोर्ड फाडूनच बाहेर येत असल्यामुळे नवा डॅशबोर्ड २६,५०० रुपये. एकूण १,१०,६०० रुपये. नुकसानीची पाहणी करणारे विम्याचे सर्व्हेअर आले, त्यांनी सर्व प्रश्न माझ्या यजमानांना विचारले (गाडी मी चालवत होते हे त्यांना सांगूनही), आणि एअरबॅगवर निम्मा घसारा, मॉड्यूल एअरबॅगचाच भाग म्हणून त्यावर निम्मा, डॅशबोर्ड प्लास्टिकचा म्हणून निम्मा, आणि सीटबेल्ट नायलॉनमध्ये धरून त्यावरही निम्मा लावला. म्हणजे ५५,३०० रुपये आमच्या खिशातून. पत्रा, बंपर आणि दिव्यांची वजावट वेगळी. ती सांगून आपला वेळ घेत नाही.

येथे कोणीही म्हणेल की कंपनीने लबाडी केली. नाही. माझी तक्रार कंपनीने नियम मोडला अशी नसून तिने नियम पाळला अशी आहे. खाजगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत घसाऱ्याची जी यादी आहे, तिच्या पहिल्याच ओळीत रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना एकत्र बसवून सरसकट ५० टक्के घसारा ठरवला आहे. ही यादी २००२ च्या मोटार टॅरिफमधील (विम्याचे दर व अटी ठरवणाऱ्या पत्रकातील) आहे, जेव्हा एअरबॅग ही फक्त महागड्या गाड्यांची चैन होती. टायर रोज झिजतो, बॅटरी दर वर्षी उतरते, हे समजते. पण घडी घालून ठेवलेली आणि आयुष्यात एकदाच उघडणारी एअरबॅग काल कितीशी झिजली होती? त्याच यादीत काचेवरील घसारा शून्य आहे. समोरची काच फुटली तर पूर्ण भरपाई आणि काचेवर आपटणारे डोके वाचवणाऱ्या वस्तूला अर्धी, हा हिशेब मी आयुष्यभर लेखा विभागात काम करूनही मला जमलेला नाही.

‘झिरो डेप घ्यायचे होते’, म्हणजे जादा हप्ता भरून घसारा न कापणारे संरक्षण, असे मला सगळ्यांनी सुनावले. पहिली पाच वर्षे ते आम्ही घेतच होतो. गाडीने पाच वर्षे पूर्ण केली आणि कंपनीने ते देणे बंद केले. बहुतेक कंपन्यांची मर्यादा याच आसपास असते. म्हणजे गाडी जुनी होईल, तिची विमा किंमत घटेल, दुरुस्तीचा खर्च मात्र नव्या भागांच्या किमतीने होईल, आणि नेमक्या त्याच वयात संरक्षण काढून घेतले जाईल. आमच्या सोसायटीच्या आवारातल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक अशाच वयाच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. हेच प्रमाण देशाला लावून पाहावे आणि दचकावे. शिवाय दावा केला म्हणून इतक्या वर्षांचा ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, आणि पुढच्या वर्षीचा वाढीव हप्ता १८ टक्के जीएसटीसह भरायचा आहे. कंटेनरच्या विम्याकडून उरलेली रक्कम मागता येते, हे मला माहीत आहे. त्यासाठी शिवाजीनगरच्या न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जावे लागते. माझा वकील भाचा रक्कम ऐकून फक्त हसला.

आता आठशे रुपयांविषयी. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंत्रालयाने सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याची मसुदा अधिसूचना काढली, तेव्हा खर्चाची ओरड करणाऱ्या उत्पादकांना उत्तर देताना आपण एका एअरबॅगचा खर्च जेमतेम ८०० रुपये असल्याचे सांगितले होते. ती आठशे रुपयांची एअरबॅग कोणत्या दुकानात मिळते, ते कृपया कळवावे. नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या गल्लीत मी स्वतः चौकशी केली, तिथे माझ्याकडे सहानुभूतीने पाहण्यात आले. कारखान्यातला खर्च आणि ग्राहकाच्या बिलातली किंमत वेगळी असते, इतके मलाही कळते, परंतु आठशेचे बावीस हजार आणि अठ्ठावीस हजार कसे होतात, हे विचारण्याचा अधिकार देशात कोणाला तरी असेल ना? पुढे त्या सहा एअरबॅगची तारीख ऑक्टोबर २०२२ वरून ऑक्टोबर २०२३ वर गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नसल्याचे आपणच जाहीर केले. ज्या २०२२ मध्ये आपल्याच मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्याच वर्षी सक्तीचा हा शब्द दिलेला होता.

याहून गंभीर गोष्ट मला वर्कशॉपबाहेर कळली. घसाऱ्याची रक्कम ऐकून माझा चेहरा पडलेला पाहून तिथल्या एका मेकॅनिकने हळूच सुचवले, “मॅडम, नवीन टाकूच नका, रेझिस्टर लावून लाइट बंद करून देतो.” म्हणजे एअरबॅगच्या जागी काही रुपयांचा रोधक जोडायचा, स्टिअरिंगवर नवे झाकण बसवायचे, आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा विझवून गाडी रस्त्यावर आणायची. आम्ही तसे केले नाही. पण ज्यांच्याकडे पन्नास हजार नाहीत, ते काय करत असतील? अशी गाडी पुढे सेकंडहँड विकली जाते आणि घेणाऱ्याला काही दिसत नाही. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट एअरबॅग बनवणारी टोळी पकडली. अशा मालाला गिऱ्हाईक या अर्ध्या भरपाईतूनच तयार होते. खाजगी मोटारीचा धूर तपासायला पेट्रोल पंपागणिक पीयूसीची टपरी आहे, परंतु अपघातानंतर तिच्यात एअरबॅग परत बसली की नाही हे नोंदणीची पंधरा वर्षे संपेपर्यंत एकही सरकारी माणूस पाहत नाही.

गाडीच्या सुरक्षेच्या मानकांचे काम आमच्या घराजवळच्या वेताळ टेकडीवर, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत चालते, सक्तीचा आदेश दिल्लीतून निघतो, विम्याचा नियम हैदराबादेत विमा नियामकाकडे ठरतो, आणि रडायचे असेल तर विमा लोकपालांचे कार्यालय नारायण पेठेत आहे, जिथे पॉलिसीच्या अटींपलीकडे जाऊन मला काही मिळणार नाही. नागरिकाने ११ टक्के रस्ता कर भरावा, टोल भरावा, हप्ता भरावा, आणि जबाबदारी विचारली की प्रत्येक टेबलाने पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवावे, अशीच ही व्यवस्था कोणीतरी बसून आखली असावी, असे वाटू लागले आहे.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. शासनाने सक्तीची केलेली प्रत्येक सुरक्षा-वस्तू, तिच्या मॉड्यूल व सीटबेल्टसह, काचेप्रमाणे शून्य घसाऱ्यात टाकावी. एअरबॅग उघडलेल्या प्रत्येक दाव्यात नवी बसवल्याचा दाखला, सुट्या भागाच्या क्रमांकासह, वाहनाच्या नोंदीत चढावा. आणि सुट्या भागांच्या किमती उत्पादकांनी जाहीर कराव्यात.

विमा आपल्या खात्यात येत नाही, हे खरे आहे. पण जुलै २०२४ मध्ये आयुर्विमा व आरोग्यविम्यावरील जीएसटी हटवावा म्हणून आपण अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले होते, तेव्हाही तो विषय आपल्या खात्याचा नव्हता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसींवरील तो कर गेलाही. तसेच एक पत्र एअरबॅगसाठी लिहावे. उत्तर पाठवताना ‘हा विषय अर्थ मंत्रालयाचा आहे’ हे वाक्य तेवढे वगळावे. ते मला आधीच मिळाले आहे.

आपली,
एक मोटारचालक व विमाधारक,
कोथरूड, पुणे