समूहाचे टोकन बाजारात नेऊ नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑनलाइन समूहांनी स्वतःचे क्रिप्टो टोकन, म्हणजे समूहाचे डिजिटल नाणे, कसे काढावे, याची माहिती देणारा लेख आपल्या वृत्तपत्रात नुकताच वाचला. लेखातील तांत्रिक माहिती अचूक होती आणि सोप्या भाषेत दिलेली होती, त्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. मात्र टोकन तयार झाल्यावर, दुसऱ्या दिवसापासून समूहात काय घडू लागते, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. गणिताच्या प्रश्नांना विनामूल्य उत्तरे देणाऱ्या एका ऑनलाइन समूहाचे व्यवस्थापन मी सात वर्षे पाहिले. आम्ही २०२१ मध्ये असे टोकन काढले आणि पुढच्या वर्षी ते बंद केले. आज जे समूह त्याच उंबरठ्यावर उभे आहेत, त्यांच्यापर्यंत हा अनुभव पोहोचावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, समूहाचे टोकन खरेदी-विक्रीसाठी खुले करू नये. ते ज्याने कमावले त्याच्याच नावावर राहावे.

टोकन काढणे खरोखरच सोपे आहे, हे मान्य करतो. इथेरियम ही ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर जपली जाणारी सार्वजनिक खतावणी, जुलै २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेबियन फोगेलस्टेलर आणि इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी टोकनसाठी एक सामाईक नमुना सुचवला, तो ईआरसी-२० या नावाने ओळखला जातो. एकूण पुरवठा किती, कोणाच्या खात्यावर किती शिल्लक, टोकन दुसऱ्याला कसे पाठवायचे, आपल्या वतीने ते खर्च करण्याची परवानगी कोणाला आणि किती द्यायची, अशा कामांची मोजून सहा फंक्शन्स स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहिली की जगातले बहुतेक वॉलेट (टोकन सांभाळणारे ॲप) ते टोकन दाखवू शकते. तपासलेला तयार कोडही मोफत मिळतो. आम्ही चौघे जण एका रात्री टेस्टनेटवर, म्हणजे सरावासाठीच्या ब्लॉकचेनवर, प्रयोग करायला बसलो, नाव भरले, तीन अक्षरी चिन्ह भरले, पुरवठ्याच्या जागी १० लाख हा आकडा लिहिला आणि वॉलेट उघडून पाहिले तर शिल्लक शून्य दिसत होती. इथेरियमवरील टोकन सहसा दशांश चिन्हानंतर १८ स्थाने धरून चालते आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये आकडा सर्वांत लहान एककात द्यावा लागतो, हे आमच्या लक्षातच राहिले नव्हते. आम्ही एका टोकनचा एक लाख कोटीवा भाग तेवढा तयार केला होता. टेस्टनेटवर झालेली ही चूक पुसता आली, पण तिच्यामुळे आमचा धीर खचला आणि खऱ्या ब्लॉकचेनवरचे काम आम्ही अर्ज भरून टोकन करून देणाऱ्या एका सेवेकडे सोपवले.

तिथे दुसरी चूक झाली आणि ती कळायला तीन महिने लागले. आमच्यातील एका विद्यार्थ्याने कुतूहल म्हणून ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, आमचेच कॉन्ट्रॅक्ट वाचायला घेतले, तेव्हा नवीन टोकन छापण्याचा आणि सगळे व्यवहार थांबवण्याचा अधिकार त्या सेवेच्या खात्याकडे असल्याचे त्याला दिसले. पुरवठा १० लाखांवर कायमचा थांबवला आहे, असे मी स्वतः सभासदांना लेखी सांगितले होते. ते खरे नव्हते आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. अधिकार आमच्या खात्यावर आणण्यासाठी पुढचे पाच आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. त्या काळात कोणी नवे टोकन छापले नाही, हे आमचे नशीब. आपले कॉन्ट्रॅक्ट ओळ न् ओळ वाचणारा एक तरी माणूस समूहात नसेल, तर त्या समूहाने टोकनच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

टोकन काढण्यामागचा आमचा हेतू चांगला होता. रात्री उशिरापर्यंत जागून अनोळखी विद्यार्थ्यांची गणिते सोडवून देणाऱ्या सभासदांना काहीतरी द्यावे, त्यांच्या कामाची नोंद राहावी आणि समूहाच्या निर्णयांत त्यांच्या मताला वजन मिळावे, एवढीच इच्छा होती. उत्तराला मिळालेल्या पसंतीनुसार दर महिन्याला टोकन वाटायचे, असे ठरले. पहिले काही आठवडे सगळ्यांनाच आनंद झाला. मग टोकनला थोडी किंमत असली तर उत्साह वाढेल अशी सूचना आली आणि एका विकेंद्रित एक्स्चेंजवर, म्हणजे मध्यस्थाशिवाय चालणाऱ्या ऑनलाइन बाजारात, समूहाच्या साठ्यातील १ लाख टोकन आणि वर्गणीतून जमवलेले २ इथर (इथेरियमचे स्वतःचे चलन) टाकून लिक्विडिटी पूल उघडण्यात आला. त्या निर्णयाला मीही संमती दिली होती.

पूल म्हणजे काय, हे इथे सविस्तर सांगतो, कारण समूह चालवणाऱ्या बहुतेकांना त्याचे गणित कोणी समजावून सांगत नाही. पुलात एका बाजूला टोकन आणि दुसऱ्या बाजूला इथर असतात आणि दोन्हींचा गुणाकार कायम राहील अशा रीतीने भाव आपोआप ठरतो. आमच्या पुलातला गुणाकार २ लाख होता. एके दिवशी बाहेरच्या कोणा व्यक्तीने २ इथर टाकले. फी बाजूला ठेवली तर पुलात आता ४ इथर झाले, म्हणून टोकन ५० हजारच उरायला हवेत. उरलेले ५० हजार त्या व्यक्तीच्या वॉलेटमध्ये गेले. एका टोकनचा भाव ०.००००२ इथर होता, तो ०.००००८ झाला, म्हणजे एका खरेदीत चौपट. त्या संध्याकाळी आमच्या समूहात जे वातावरण होते ते मी विसरू शकत नाही. सभासद सगळ्या १० लाख टोकनना तो भाव लावून आपल्या समूहाचे मूल्य ८० इथर झाल्याचे एकमेकांना सांगत होते. प्रत्यक्षात पुलात ४ इथर होते आणि कोणालाही कधीही मिळू शकले असते ते त्यातूनच.

पुढच्या आठवड्यात काही सभासदांनी मिळून १ लाख टोकन विकले, तेव्हा हेच गणित उलटे फिरले. पुलात टोकन दीड लाख झाले, इथर सव्वाहून जरासे अधिक उरले आणि भाव नवव्या हिश्श्यावर आला. ज्यांनी आधी विकले त्यांना बरे पैसे मिळाले, ज्यांनी शेवटी विकले त्यांना त्याच कामाचे फारच थोडे मिळाले आणि ज्यांनी समूहावरील विश्वासापोटी काहीच विकले नाही, त्यांना आपण फसलो असे वाटले. कोणी कोणाची फसवणूक केली नव्हती. उथळ पुलात हे असेच होते आणि छोट्या समूहाचा पूल उथळच असतो. वर्षानुवर्षे एकमेकांना मदत करणारी माणसे त्या आठवड्यात कोणी किती विकले याचा हिशेब सार्वजनिक खतावणीत शोधत बसली होती.

खरे नुकसान मात्र पैशांपेक्षा उत्तरांचे झाले. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. भूमितीच्या प्रश्नाला त्या वहीवर हाताने आकृती काढत, कोनांना रंगीत पेन्सिलीने खुणा करत, तिचा फोटो काढत आणि खाली एकेका पायरीचे कारण लिहीत. एका उत्तराला कधी कधी तास लागायचा. टोकनला भाव आल्यावर दोन ओळींच्या, इकडून तिकडून उचललेल्या उत्तरांचा पूर आला, कारण तासात एक उत्तर देण्यापेक्षा तीस उत्तरे देणे फायद्याचे होते आणि पसंती देणारी खातीही त्याच मंडळींची होती. एकदा एका नव्या सभासदाने बाईंच्या आकृतीखाली विचारले, की एवढ्या मेहनतीचे तुम्हाला टोकन किती सुटतात? बाईंनी तिथे उत्तर दिले नाही. मला मात्र खासगी संदेशात लिहिले, की आजवर हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता आणि आता तो जात नाही. त्यानंतर त्यांनी आकृती काढली नाही.

मतदानाचेही असेच झाले. एक टोकन एक मत, हा नियम आम्हाला न्याय्य वाटला होता. पण विकत घेतलेले टोकन आणि कमावलेले टोकन कॉन्ट्रॅक्टला सारखेच दिसते. बाहेरून ५० हजार टोकन घेतलेल्या व्यक्तीने साठ्यातील आणखी टोकन पुलात टाकण्याचा ठराव मांडला. त्या ठरावावर बाकी सर्वांच्या मतांची बेरीज ४० हजारांपर्यंतही गेली नाही, कारण बहुतेक सभासद मतदानाला येतच नसत. ज्याने आमच्याकडे एकही गणित सोडवले नव्हते, त्याचा ठराव नियमाप्रमाणे मंजूर झाला.

हे आमच्यासारख्या लहान समूहातच घडते असे नाही. स्टीम या ब्लॉकचेनवर लेखक आणि वाचकांचा मोठा समूह २०१६ पासून उभा राहिला होता. ती चालवणारी मूळ कंपनी फेब्रुवारी २०२० मध्ये विकली गेली आणि तिच्याकडचा नाण्यांचा मोठा साठा एकाच खरेदीदाराच्या हाती गेला. मार्चमध्ये काही मोठ्या एक्स्चेंजेसनी ग्राहकांनी आपल्याकडे ठेवलेली नाणी मतदानाला लावली आणि समूहाने निवडलेले प्रतिनिधी बदलले गेले. शेवटी सभासदांना २० मार्च २०२० रोजी वेगळे होऊन हाइव्ह ही नवी साखळी सुरू करावी लागली. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने मे २०२० मध्ये दोन समूहांसाठी मून्स आणि ब्रिक्स ही टोकन सुरू केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने ही योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि मून्सचा भाव त्याच दिवशी कोसळला. तीन वर्षे लिहून, चर्चा करून ज्यांनी ते साठवले होते, त्यांचा या निर्णयात काहीही वाटा नव्हता.

आणखी एक बाब लेखात यायला हवी होती. इथेरियमवर ईआरसी-२० टोकन पाठवण्याची फी सहसा त्या टोकनमध्ये भरता येत नाही, ती इथरमध्ये भरावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे आपल्या समूहाचे हजार टोकन आहेत पण इथर नाही, तो सहसा त्यातले एकही हलवू शकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेची एक दुर्मिळ मूळ छापील प्रत लिलावात घेण्यासाठी कॉन्स्टिट्यूशनडाओ या समूहाने १७ हजारांहून अधिक लोकांकडून ४ कोटी डॉलरांहून जास्त रक्कम जमवली. लिलाव हातचा गेल्यावर लहान रकमा देणाऱ्या अनेकांच्या लक्षात आले, की पैसे परत घेण्याच्या व्यवहारांची फीच त्यांच्या रकमेचा मोठा भाग खाऊन टाकते. आज स्वस्त साखळ्या उपलब्ध आहेत, तरी हा हिशेब आधी मांडलाच पाहिजे.

मी टोकनचा विरोधक नाही. एखादा समूह अनेक ठिकाणी विखुरलेला असेल, कोणा एका कंपनीच्या सर्व्हरवर त्याला विसंबायचे नसेल आणि सभासदाच्या कामाची नोंद त्याच्याबरोबर सगळीकडे जायला हवी असेल, तर ब्लॉकचेन उपयोगी आहे. पण त्यासाठी टोकन हस्तांतरणीय असण्याची गरज नाही. ब्युटेरिन आणि त्यांच्या दोन सहलेखकांनीच मे २०२२ मध्ये दुसऱ्याला देता न येणाऱ्या, व्यक्तीशी कायम जोडलेल्या टोकनची कल्पना सविस्तर मांडली आहे. कॉन्ट्रॅक्टमधील पाठवण्याच्या फंक्शनवर एक अट घातली की ते काम होते. नवे टोकन छापण्याचा अधिकार एका माणसाच्या वॉलेटवर न ठेवता मल्टिसिग वॉलेटवर ठेवावा, म्हणजे पाचांपैकी तिघांनी सही केल्याशिवाय काहीच होणार नाही आणि एकाची खासगी चावी (वॉलेट उघडणारा गुप्त संकेत) हरवली किंवा चोरीला गेली तरी समूह बुडणार नाही. मार्च २०२१ मध्ये टोकन काढून देणाऱ्या रोल या सेवेच्या एका ऑनलाइन वॉलेटची चावी चोरांच्या हाती लागली, तेव्हा एकाच वेळी अनेक समूहांची टोकन बाजारात विकली गेली आणि त्यांचे भाव पडले. आणि सभासद दोनशे-तीनशेच असतील, सगळे एकाच जागी भेटत असतील, तर गुणांची साधी तक्ता-नोंद पुरते. तिला फी नाही, चावी नाही आणि चूक झाली तर दुरुस्त करता येते.

टोकनची घोषणा होताच फसवणूक करणारेही येतात, हे विसरू नये. आमच्या नावाने मोफत टोकन देणारे एक बनावट पान चार दिवसांत तयार झाले होते. आमच्या एका सभासदाने तिथे वॉलेट जोडले, आपल्या वतीने खर्च करू देणाऱ्या, समोर आलेल्या परवानगीवर सही केली आणि आमच्या टोकनशी काहीही संबंध नसलेली त्याची दुसरी बचत त्या परवानगीच्या आधारे उचलली गेली. तो मुलगा विशीतला होता. त्याने आम्हाला दोष दिला नाही, पण टोकन काढताना परवानगी म्हणजे काय हे आम्ही त्याला शिकवले नव्हते, ही जबाबदारी मी माझी मानतो.

आमचे टोकन आता कोणी वापरत नाही. कॉन्ट्रॅक्ट ब्लॉकचेनवर तसेच आहे, ते पुसता येत नाही. पुलातील उरलेले इथर आम्ही वर्गणीदारांना त्यांच्या वाट्याप्रमाणे परत केले आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर ठेवला. समूहात आता पुन्हा नावापुढे साधे गुण दिसतात, ते विकता येत नाहीत. बाईंना मी गेल्या वर्षी पत्र लिहून हे कळवले. त्यांनी परत यायचे कबूल केलेले नाही, पण एका विद्यार्थ्याच्या वर्तुळाच्या प्रश्नाला मला निरोप पाठवून उत्तर सुचवले आणि सोबत आकृतीचा फोटो होता.

आपल्या वृत्तपत्राने यापुढे टोकन काढण्याची पद्धत प्रसिद्ध करताना नवे टोकन छापण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहतो आणि पूल उघडल्यावर भाव कसा ठरतो, या दोन गोष्टींना त्याच लेखात जागा द्यावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एका ऑनलाइन अभ्यास-समूहाचा माजी व्यवस्थापक