बेल्ट पूर्ण ओढून बघितला

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, रात्री साडेअकरा

सच्या,

दिवाळीला तुझा एवढा मोठा मेसेज आला होता, त्याला मी नुसता अंगठा टाकला आणि निवांत लिहू म्हणून ठेवून दिलं, त्याला आता सात महिने होतील. राग आला असेल तर बरोबरच आहे. आत्तापण फोनच करणार होतो, नंबर काढला आणि परत ठेवला, कारण फोनवर हे दोन मिनिटात उरकलं असतं आणि मला उरकायचं नाहीये. आई बरी आहे, गुडघा तसाच. माझी शुगर काठावर आहे, गोळी चालू झाली. झालं.

मर्दा, मी बॉक्स्टर बघून आलो. पोर्शे बॉक्स्टर. आपल्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून जिचं पान चिकटवलेलं होतं तीच, फक्त हे त्याच्या पुढचं मॉडेल. ते पान ब्लेडने तू कापलं होतंस आणि लायब्ररीचा दंड माझ्या नावावर पडला होता, चाळीस रुपये, ते अजून यायचेत.

२००६ ची आहे, ९८७ मॉडेल, २.७ लिटर, सहा सिलिंडर, २४० घोडे, मॅन्युअल. चंदेरी, वरचा कापडी टप काळा. एमएच १२ पासिंग, पंधरा वर्षांनंतरचं पाच वर्षांचं पासिंगपण रीतसर करून घेतलेलं. ४१ हजार किलोमीटर. चेसिस नंबरातलं अकरावं अक्षर यू, म्हणजे ही फिनलंडच्या कारखान्यात जोडलेली, जर्मनीत नाही, हे मी काचेतून वाचलं आणि पहिली आठवण तुझी आली, तू असतास तर तिथेच वाद घातला असतास. सतरा लाख सांगितलेत. पैसे कुठले विचारशील, तासगावच्या वावराचा माझा हिस्सा आला. घरात सांगितलंय. बायको म्हणाली, बघून घ्या पण नीट बघा.

मग मी नीट बघितली. आदल्या रात्री मालकांना फोन करून सांगितलं, मी यायच्या आधी चालू करू नका, थंडच बघायचीये. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ आहेत, फार सज्जन, मी काका म्हणतो. गेलो तर बॅटरी झोपलेली. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत आणि पुढचं झाकण करंटवर उघडतं, म्हणजे बॅटरी मेली की झाकणच उघडत नाही. काका म्हणाले आता मेकॅनिक बोलवावा लागेल. मी पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधली पिन बाहेर ओढली, माझ्या स्विफ्टवरून करंट दिला, खट्ट करून उघडलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्या क्षणाला तू पाहिजे होतास रे.

चालू केल्यावर सात-आठ सेकंद टकटक, मग शांत, एकदम शिवणयंत्रासारखं. टायरला नक्षी भरपूर पण आकडा ३२१३, म्हणजे २०१३ चा बत्तिसावा आठवडा, चारही फेकायचे. बंपरच्या आत दोन्ही बाजूला रेडिएटर असतात त्यात पाला अडकतो, तो नव्हता. मग काकांना शेजारी बसवून मिरज रोडला गॅरेजवाल्या पोराकडे नेली, लिफ्टवर चढवली. माझी सगळी भीती एकाच जागी होती. या इंजिनात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं, जुन्या गाड्यांत ते गेलं की इंजिन गेलं. २००६ च्या सुमाराला मोठं बेअरिंग आलं, ते सहसा टिकतं, पण बदलायचंच झालं तर इंजिनचे दोन भाग अलग करावे लागतात, म्हणजे खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. महिनाभर मी रात्री तेच वाचत होतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर बोट फिरवलं, कोरडं. ऑइल फिल्टर काढून कापला, कागद उलगडून उन्हात धरला, चमकणारा एक कण नाही. लॅपटॉप लावला. चढत्या वेगात चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरलं असेल तर त्याची नोंद आत राहते, ती शून्य. इंजिन एकूण ११८० तास चाललंय, ४१ हजाराला भागलं तर तासाला सरासरी पस्तीसच्या आसपास, म्हणजे मीटरपण मागे फिरवलेला नाही. मी लिफ्टखाली उभा राहून पोराला म्हणालो, ही घेतली. मोठ्याने म्हणालो. काकांनीपण ऐकलं.

आणि मग सीट मागे सरकवली.

सच्या, वास आला. नवीन कार्पेट, वर सेंटची बाटली, आणि त्याच्या खालून तो वास. तुला सांगायला नको. २०१९ च्या पुरानंतर तुमच्या गावभागातल्या घरातून आपण चार दिवस गाळ काढत होतो, काकूंचं लुगड्यांचं कपाट उघडलं तेव्हा जो आला होता तो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील जुनी गाडी आहे, कुबट येणारच.

मी स्वतःलापण तेच सांगून बघितलं. या गाडीत टपाचं पाणी जायच्या नळ्या पाल्याने तुंबतात आणि पावसाळ्यात आतलं कार्पेट भिजतं, ही सगळ्यांची तक्रार आहे. काकांनीपण तेच सांगितलं, मी विचारायच्या आधीच सांगितलं. पण पावसाचं पाणी गाळ आणत नाही. मी ड्रायव्हरचा बेल्ट ओढला, पूर्ण, रीळ संपेपर्यंत. रोज वापरात जेवढा बाहेर येतो तेवढा स्वच्छ काळा. शेवटची दीड वीत तपकिरी, आणि कडेला रेघ. नखाने खरवडली तर पीठ निघालं, आपल्या नदीचं. दुसऱ्या बाजूचापण तसाच. सीटच्या खालच्या बोल्टला गंज, वायरच्या कनेक्टरमधे हिरवा गंज.

त्यांचा बंगला कर्नाळ रोडच्या बाजूला आहे. गेटच्या खांबावर माझ्या छातीएवढ्या उंचीवर तेलरंगाचा पट्टा आणि २०१९. तेव्हा आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी होतं, त्या भागातलं काय सुटणार. काका म्हणाले, गाडी त्या महिन्यात पुण्याला सर्व्हिसिंगला होती. मी जुन्या पॉलिसी मागितल्या, त्यांनी सगळी फाईलच दिली बिचाऱ्यांनी. २०१९ च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस ५० टक्के, पुढच्या वर्षी शून्य. पॉलिसीत मोठा खंड पडला तरी बोनस जातो, पण तारखा सलग आहेत. म्हणजे त्या वर्षी क्लेम घेतलाय.

आता हे ऐक. पाण्यात बुडलेलं इंजिन असं राहत नाही. कुणीतरी पाणी उतरल्यावर किल्ली न फिरवता गाडी ओढून नेलीये, सगळी तेलं काढलीयेत, प्लग काढून आतलं पाणी काढलंय, मग चालू केलीये. म्हणजे या माणसाने गाडी जीव लावून वाचवलीये. आणि तोच माणूस माझ्या डोळ्यात बघून सांगतोय की पाण्यात गेली नाही. मला राग येईना. मला आपली मारुती ८०० आठवली.

तू म्हणशील झालं सुरू. होय, झालं. २००५ च्या पुरात ती दत्तनगरात दोन दिवस पाण्यात होती, आपण ती धुतली, वाळवली, तू डॅशबोर्डवर मोगऱ्याची अगरबत्ती लावलीस, आणि दिवाळीच्या आधी जतच्या गुरुजींना ३८ हजाराला दिली. त्यांनी विचारलं होतं, सच्या. पुरात होती का, असं सरळ विचारलं होतं. तू नाही म्हणालास आणि मी टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या कागदावर, सही केली. नंतर आपण आठ महिने बोललो नाही ते माझ्या वाट्याला दोन हजार कमी आले म्हणून, असं सगळ्यांना वाटतं, तुलापण वाटत असेल. ते कारण नव्हतं. मला तुझ्याशी बोलताना ती सही आठवायची. हे मी तुला आजच सांगतोय.

गुरुजींचा तुमच्या लँडलाईनवर तीनदा फोन आला होता, काकूंनी मला सांगितलं होतं. तू काय बोललास ते मी कधी विचारलं नाही. आता विचारतोय.

इकडे असं झालंय की रविवारी कराडहून एक पोरगा बघायला येणार आहे. काका सहज बोलून गेले, पहिलीच स्पोर्ट्स कार घेतोय म्हणाले, वडिलांबरोबर येणार आहे. तो इंजिनचा आवाज ऐकेल, टप बारा सेकंदात मागे गेलेला बघेल आणि पैसे मोजेल. वायरिंग आत्ता चालतंय, पण कनेक्टर हिरवे पडलेत, आज काच बंद पडेल, उद्या टप अर्ध्यात अडकेल. मला अजूनही ती गाडी पाहिजे. नऊ लाखाला मिळाली तर पूर्ण हार्नेस, म्हणजे सगळं वायरिंग, बदलून मी तिला दोन वर्षांत उभी करीन, तेवढं इंजिन चांगलं आहे. पण माझ्याकडून नऊ घेताना त्यांना तोंडाने कबूल करावं लागेल, आणि नाही केलं तर कराडच्या पोराला सांगायचं का हा प्रश्न उरतोच. दोन रात्री झोप नाही.

तुझं होसूरचं नवीन युनिट सुरू झालं का? छोटीचा दहावीचा निकाल कळला, ९१ म्हणजे भारीच, तिला माझ्याकडून काहीतरी घे, पैसे पाठवतो. वहिनींचं थायरॉइड आता बरं असेल. भडंग कुरिअर करू का, मागच्या वेळी पोचेपर्यंत मऊ पडला म्हणून बोंबललास, या वेळी डबा सील करून पाठवतो.

शनिवारी सकाळी मी परत काकांकडे जातोय. एकटाच. बेल्ट त्यांच्यासमोर ओढून हातात देणार आहे, काही बोलणार नाही. ते काय म्हणतात ते रात्री फोन करून सांगतो, त्या वेळी फोन उचल.

आणि जतच्या गुरुजींचं नाव आठवतंय का बघ. फॉर्मवर होतं. माझ्याकडची झेरॉक्स सापडत नाहीये, तुझ्याकडे त्या निळ्या फाईलमधे असेल तर फोटो काढून पाठव.

तुझा,
विज्या