थंडरबोल्ट लाकूड कुजल्यामुळे गेला नाही

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला रोलर कोस्टरवरचा लेख आवडीने वाचला. पण न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या करमणूक नगरीतल्या थंडरबोल्ट या जुन्या लाकडी कोस्टरचा निकाल त्यात एका ओळीत लावला आहे: लाकूड कुजले, म्हणून पाडला. हे मला पटले नाही.

थंडरबोल्ट १९२५ मध्ये उभा राहिला. जागेवर १८९५ सालचे केन्सिंग्टन हॉटेल होते. ते न पाडता कोस्टर त्याच्या डोक्यावरून नेला आणि पुढे मालकाचे कुटुंब खालच्या त्या घरातच राहिले. गाड्या सुटल्या की घर हादरत असणार! आराखडा जॉन मिलर यांचा होता. कोस्टरच्या गाडीला रुळाखालूनही चाके असतात, त्यामुळे ती उसळली तरी मार्ग सोडत नाही. या चाकांचे पेटंट त्यांनी १९१९ मध्ये घेतले. उंच कडे आणि भन्नाट वेग शक्य झाला तो त्यानंतर.

‘लाकडी’ या शब्दानेही घोटाळा होतो. थंडरबोल्टचा सांगाडा पोलादी होता. लाकडाचा होता तो मार्ग: फळ्यांवर फळ्या रचायच्या आणि गाडीची चाके फिरतात तिथे वरून पोलादी पट्टी बसवायची. या फळ्या झिजतात, पाऊस-वाऱ्याने खराब होतात, हे खरेच. पण त्या बदलण्यासाठीच असतात. चालू कोस्टरवर कामगार सकाळी मार्गावरून पायी फिरतात, सैल बोल्ट आवळतात, खराब फळी काढून नवी घालतात. काही वर्षांत मूळची फळी औषधालाही उरत नाही, तरी कोस्टर तोच असतो. लाकडी कोस्टर वयाने मरत नाही, देखभाल थांबली की मरतो.

पुरावा शेजारीच उभा आहे. १९२७ चा सायक्लोन हा लाकडी कोस्टर थंडरबोल्टपेक्षा फक्त दोन वर्षांनी धाकटा, त्याच खाऱ्या वाऱ्यात वाढलेला. १९७० च्या दशकात मत्स्यालयाच्या विस्तारासाठी तो पाडायचे घाटत होते. लोकांनी मोहीम उभारली, १९७५ मध्ये तो नव्या चालकांच्या हाती गेला आणि १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. आज त्याने नव्वदी ओलांडली आहे.

थंडरबोल्टच्या नशिबी यातले काहीच नव्हते. १९८२ मध्ये तो बंद पडला आणि अठरा वर्षे वेलींच्या विळख्यात उभा राहिला. १७ नोव्हेंबर २००० रोजी शहर प्रशासनाने धोकादायक ठरवून तो पाडला. पुढच्याच वर्षी जवळ नवे बेसबॉल स्टेडियम सुरू झाले. मालकाने दावा लावला आणि २००३ मध्ये ज्युरीने हे पाडकाम समर्थनीय नव्हते असा निर्णय दिला. तोवर पाहायला काही उरलेच नव्हते. लेखात यायला हवी होती ती ही हकिकत.

आणखी एक. लेखासोबतचे नारंगी रुळांचे छायाचित्र २०१४ मध्ये सुरू झालेल्या पोलादी कोस्टरचे आहे. नाव तेवढे तेच. तो प्रवाशांना उलटे फिरवतो, जुन्याने कोणालाही कधी उलटे केले नाही. पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक नियमित वाचक