भाडे भरणे वेगळे, खेळणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विवेक रणदिवे यांच्यावरचा लेख वाचला. मुंबईत जन्मलेला माणूस सॅक्रामेंटोच्या बास्केटबॉल संघाचा मालक होतो आणि त्याच्या रिव्हर कॅट्स या छोट्या बेसबॉल संघाच्या मैदानावर मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीतला, ॲथलेटिक्स संघ मुक्कामाला येतो, याचे अप्रूप मलाही आहे. माझी तक्रार एका ओझरत्या वाक्यापुरती आहे. ओकलंडला प्रेक्षकच मिळेनात म्हणून संघ तिथून उठला, असे लेखक लिहून गेले आहेत.

मी ओकलंडला खेटून असलेल्या सॅन लिआन्द्रोत राहते. बार्ट या लोकल रेल्वेवर आमच्या स्टेशनाच्या पुढचेच स्टेशन कॉलिझियम. तिथे उतरायचे, तारेच्या जाळीतला तो लांबलचक पूल चालून जायचे आणि ॲथलेटिक्सच्या त्या कॉलिझियम स्टेडियमात शिरायचे, हे मी वर्षानुवर्षे केले. बेसबॉलमधले मला सगळे कळते असे नाही. भाडेकरार मात्र कळतात. ओकलंडमध्ये एका वकिलांच्या कचेरीत मी बावीस वर्षे दुकानांचे भाडेकरार तपासण्याचे काम केले, आणि त्या कामात एकदा चांगलीच तोंडघशी पडले. तो किस्सा आधी सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

एका शॉपिंग सेंटरचा करार होता. मोठे किराणा दुकान, वीस वर्षांची मुदत, भाडे चोख. मी भाडे, वाढ, छप्पर, पार्किंग, विमा असे सगळे तपासले आणि कागद पुढे सरकवला. सहा वर्षांनी त्या दुकानाने दिवे मालवले, दाराला आतून कागद चिकटवले आणि दर महिन्याच्या एक तारखेला भाडे भरत राहिले. त्यांनी कराराचा भंग केलाच नव्हता. दुकान चालू ठेवायचे, असे त्या करारात कुठेच लिहिलेले नव्हते. शेजारची लॉन्ड्री, चाव्या बनवणारा, डोनटवाला या सगळ्यांची गिऱ्हाइके त्या किराणा दुकानामुळे येत. दोन वर्षांत तिघांनीही गाशा गुंडाळला. आमच्या साहेबांनी मला एवढेच विचारले, "भाडं मिळतंय ना? मग अडलं कुठं?" कुठे अडले ते मला तेव्हापासून पाठ आहे. करारात भाडे भरण्याचे एक कलम असते आणि धंदा चालू ठेवण्याचे दुसरे असते. दुसरे विसरले की पहिल्याला काही अर्थ उरत नाही.

बेसबॉलच्या संघांचे आणि अमेरिकेतल्या शहरांचे नेमके हेच आहे. स्टेडियम बहुतेक वेळा शहराचे, काउंटीचे किंवा राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे असते आणि संघ तिथे भाडेकरू असतो. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती भाडे किती, छप्पर कोण बदलणार आणि पार्किंगचे पैसे कोणाच्या खिशात जाणार याची. संघाने तिथे खेळलेच पाहिजे, असे कुठे लिहिले आहे का आणि ते किती वर्षांसाठी, हे सहसा कोणी विचारत नाही.

मिनियापोलिसमध्ये ते विचारले गेले. 6 नोव्हेंबर 2001 रोजी मेजर लीगच्या मालकांनी दोन संघ चक्क बंद करायचे ठरवले. नावे जाहीर झाली नव्हती, पण त्यांतला एक मिनेसोटा ट्विन्स, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मालक कार्ल पोहलाड यांची त्याला हरकत नव्हती. ट्विन्स ज्या मेट्रोडोममध्ये खेळत, तो सांभाळणारे मंडळ सरळ न्यायालयात गेले. दहाच दिवसांत न्यायाधीश हॅरी क्रम्प यांनी हुकूम काढला की 2002 चा हंगाम संघाने मेट्रोडोममध्येच खेळला पाहिजे. नुकसानभरपाई घ्या आणि आम्हाला सोडा, हा नेहमीचा मार्ग त्यांनी बंद केला. त्या करारात मंडळाला मिळणारा खरा मोबदला म्हणजे संघाचे तिथे खेळणे होते. त्याची भरपाई पैशात कशी करणार? निकालपत्रात त्यांनी हार्मन किलब्रू, कर्बी पकेट अशा खेळाडूंची नावे घेऊन या संघाने गावाला काय दिले तेही लिहिले. न्यायाधीश असे लिहितात हे मला तेव्हाच कळले. फेब्रुवारीत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालायला नकार दिला आणि त्या वर्षापुरती बंद करण्याची भाषा थांबली.

आता गंमत ऐका. 6 ऑक्टोबर 2002 रोजी मी कॉलिझियममध्ये होते. प्ले-ऑफमधला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतला, पाचवा, निर्णायक सामना. आमच्या ॲथलेटिक्सने त्याच हंगामात लागोपाठ वीस सामने जिंकले होते आणि समोर होता न्यायालयाच्या हुकमावर जिवंत राहिलेला मिनेसोटा ट्विन्स. नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगपर्यंत ते 2-1 ने पुढे होते. मग त्यांच्या पिअरझिन्स्कीने होमरन मारला आणि आमच्या ओळीत कोणी काही बोलेना. शेवटी मार्क एलिसने तीन धावांचा होमरन मारून जीव वर आणला, पण 5-4 ने आम्ही हरलो. माझ्या शेजारी कचेरीतलाच एक वकील बसला होता. उठता उठता तो पुटपुटला, "कराराच्या एका कलमाने हरवलं आपल्याला." मी हसले नाही.

ओकलंडकडे ते कलम नव्हते का? मुदत चालू होती तोवर करार होता. 2014 च्या जुलैत दहा वर्षांचा करार झाला, तेव्हा नव्या स्कोअरबोर्डच्या खर्चाचीही चर्चा झाली. दहा वर्षांनंतर काय, यावर फारसे कोणी बोलले नाही. शहराचे लक्ष तेव्हा राइडर्स या फुटबॉल संघाकडेही होते. त्यांना 1995 मध्ये लॉस एंजेलिसहून परत आणण्यासाठी कॉलिझियमच्या मध्य-मैदानामागे खुर्च्यांचा अवाढव्य डोंगर बांधला गेला. त्याने ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या बंद झाल्या आणि राइडर्सच्या मालकाच्या नावावरून लोक त्याला 'माउंट डेव्हिस' म्हणू लागले. राइडर्स 2020 मध्ये लास वेगासला गेले तरी त्या डोंगरासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचे हप्ते ओकलंड शहर आणि अलामेडा काउंटी भरतच होते. म्हणजे काउंटीची करदाती म्हणून मीही. वर आणखी एक विचित्र गोष्ट घडली. कॉलिझियममधला काउंटीचा अर्धा वाटा साडेआठ कोटी डॉलरला ॲथलेटिक्सनेच विकत घ्यायचे ठरवले. भाडेकरू अर्धा घरमालक होऊन बसला की घरमालकाने कोणत्या तोंडाने दम द्यायचा?

प्रेक्षकांचे म्हणाल, तर 2023 मध्ये वर्षभरात साडेआठ लाखही आले नाहीत, हे खरे आहे. त्या वर्षी संघाचा खेळाडूंवरचा खर्च सगळ्या लीगमध्ये सर्वात कमी होता आणि तो 112 सामने हरला, हेही खरे आहे. पण 13 जून 2023 च्या मंगळवारी, टॅम्पा बे रेजविरुद्ध, मी मैदानात होते. लोकांनी ठरवून 'उलटा बहिष्कार' टाकला होता, म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी यायचे. 27,759 माणसे आली. हिरव्या शर्टांवर 'सेल' हा एकच शब्द होता, अर्थ एवढाच की संघ विका पण हलवू नका. उजव्या बाजूच्या ब्लीचर्समधले, म्हणजे उघड्या बाकांवरचे, ढोल सुरू होते. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला ते सगळे गप्प झाले, आणि मग तोच शब्द गर्जत राहिला. सामना आम्ही 2-1 ने जिंकला. त्याच दिवशी नेवाडा राज्याच्या सिनेटने ॲथलेटिक्सच्या लास वेगासमधल्या नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देण्याचे विधेयक मंजूर केले. दोनच दिवसांत त्यावर गव्हर्नरची सही झाली.

वेगासचे स्टेडियम बांधून होईपर्यंत राहायचे कुठे, हा प्रश्न होताच. 2024 च्या एप्रिलमध्ये शेवटची बोलणी झाली. ओकलंड शहराने पाच वर्षांची मुदतवाढ आणि त्यापोटी 9 कोटी 70 लाख डॉलर मागितले, तीन वर्षांनी बाहेर पडायची मुभा ठेवून. संघाची तयारी दोन वर्षांची आणि 1 कोटी 70 लाखांची. दोनच दिवसांत सॅक्रामेंटोची घोषणा झाली. माझे मत विचाराल तर शहराने आकडा चुकवला असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांपूर्वी जे लिहून घ्यायला हवे होते, त्याची किंमत ते आता मागत होते, आणि मुदत संपत आलेल्या करारावर अशी किंमत कोणी देत नाही. 26 सप्टेंबर 2024 च्या शेवटच्या सामन्याला 46,889 लोक होते.

उलट्या टोकाचे उदाहरण फ्लोरिडातले सेंट पीटर्सबर्ग. या गावाने संघ हाताशी नसतानाच घुमट बांधायला घेतला. त्याच घुमटाचा धाक दाखवून 1988 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने इलिनॉय राज्याकडून नवे स्टेडियम पदरात पाडून घेतले. 30 जूनच्या मध्यरात्री विधानसभेची मुदत संपत होती, तर सभागृहातले घड्याळच थांबवले आणि विधेयक पास केले! घुमट 1990 मध्ये उघडला आणि मेजर लीगचा संघ यायला 1998 उजाडले. रिकाम्या घुमटाने गावाला शहाणे केले असावे, कारण टॅम्पा बे रेज या त्या संघाबरोबरच्या करारात 2027 पर्यंत दुसरीकडे जाण्याची बोलणीसुद्धा करायची नाहीत, अशी पाचर त्यांनी मारून ठेवली. संघ वर्षानुवर्षे कुरकुरला, पण हलू शकला नाही. शेवटी 2016 मध्ये नगर परिषदेने, तेही पैशांच्या अटीवर, आसपास जागा बघण्याची परवानगी दिली.

पण पाचर दोन्ही बाजूंनी बसते. 9 ऑक्टोबर 2024 च्या रात्री मिल्टन चक्रीवादळाने त्या घुमटाचे, म्हणजे ट्रॉपिकाना फील्डचे, छप्पर फाडले. दुरुस्ती करारानुसार शहराच्या गळ्यात आली आणि अंदाज निघाला साडेपाच कोटी डॉलरहून अधिक. 2025 चा हंगाम संघ टॅम्पात दुसऱ्याच्या सराव-मैदानावर खेळला, म्हणून करार आपोआप एका वर्षाने पुढे, 2028 पर्यंत गेला. (त्याच 9 ऑक्टोबरच्या पहाटे लास वेगासमधले ट्रॉपिकाना हॉटेल सुरुंग लावून पाडले गेले, आमच्या ॲथलेटिक्सच्या नव्या स्टेडियमला जागा करायला. एकाच तारखेला दोन ट्रॉपिकाना. मी अंधश्रद्धाळू नाही, पण त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली.)

लेखकांनी असेही सुचवले आहे की ओकलंडने दुसरा संघ आणावा. कुठून? मेजर लीगमध्ये तीसच संघ आहेत आणि कोणी कुठे खेळायचे हे मालक आपसात मतदानाने ठरवतात. 1922 च्या एका निकालापासून बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. सॅन होजे शहराला हेच ॲथलेटिक्स हवे होते, पण तो परगणा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या वाट्याचा म्हणून त्यांना मिळाले नाहीत. शहर न्यायालयात गेले, त्याच सवलतीवर आपटले, आणि 2015 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायलाही घेतले नाही. बाजारात माल तीसच नग आणि दुकानदारही तेच, तर गिऱ्हाइकाच्या हातात सही करतानाचे ते एक कलम तेवढे उरते.

लास वेगासने ते घेतले आहे. 2024 च्या डिसेंबरात तिथल्या स्टेडियम प्राधिकरणाने भाडेकरारासोबत तीस वर्षे स्थलांतर न करण्याचा वेगळा करार मंजूर केला. तेव्हा लेखात दुरुस्ती छापणार असाल तर कृपया एवढीच छापा: ओकलंडच्या कराराची मुदत 2024 अखेर संपली आणि पुढचे लिहून घेतलेले नव्हते.

आपली नम्र,
एक वाचक
सॅन लिआन्द्रो, कॅलिफोर्निया

ता. क. सॅक्रामेंटोत माझी एक जुनी मैत्रीण राहते. संघ तिथे तीन हंगामांसाठी आला आहे, फार तर चार, आणि नावापुढे शहराचे नावही लावत नाही, नुसते 'ॲथलेटिक्स'. मी तिला फोनवर विचारले, करारात काय काय आहे गं? ती म्हणाली, "करार कसला घेऊन बसलीस, आम्ही पाहुणचार करतोय." तिने हंगामाची दोन तिकिटे काढली आहेत. एक माझ्यासाठी.