एका उंबऱ्यात तीन जिल्हे

ता. वाळवा, जि. सांगली
१९ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

त्या दिवशी तुझा अबुधाबीहून फोन आला तेव्हा मी घाटावर होतो. रक्षाविसर्जनाला अख्खं गाव जमलेलं, मागं भजन चाललेलं, त्यात तुझा आवाज तुटत होता. तू दोनदा विचारलंस, "शेवटी काय बोलले रे आण्णा?" मी "नंतर सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला. राग मानू नकोस. ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. काल आजोबांचं तेरावं झालं. मांडव सुटला, भाड्याची पातेली परत गेली, आत्या आपापल्या गावी गेल्या. सोप्यातली आण्णांची कॉट तेवढी अजून कुणी हलवलेली नाही. तिच्यावरच बसून लिहितोय.

९३ पुरी झाली होती. आजार म्हणावा असा काही नव्हता. थंडी पडली तशी भाकरी सुटली, मग दूध-बिस्किटावर आले. डॉक्टर म्हणाले, सांगलीला हलवू. आण्णांनी नुसती मान हलवली. पहाटे गेले. या दिवसांत आपल्या रस्त्यावर काय असतं ते तुला माहीत आहे, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि कानठळ्या बसवणारी गाणी. त्या दिवशी वेशीपासून लांबवर ट्रॅक्टर कडेला लागले होते आणि एकाचाही टेप चालू नव्हता. तोडकरी बीडकडचे, त्यांनी आण्णांना कधी पाहिलं असेल-नसेल, तेही कोयते ठेवून बांधावर उभे होते.

घाटावर भाषणं झाली. ती होणारच. एका पुढाऱ्यानं "आधारवड" म्हटलं, मग पुढच्या सहा जणांनी तेच म्हटलं. फ्लेक्सवरही तेच. मला तो शब्द काही पटला नाही. वडाखाली दुसरं काही उगवत नाही. आण्णा शेवग्यासारखे होते म्हण हवं तर. कुणीही यावं, शेंगा तोडून न्याव्यात, फांदी मोडली तरी पावसाळ्यात पुन्हा फुटते. (हे मी तिथं बोललो असतो तर थोरल्या आत्यानं माझं थोबाड रंगवलं असतं. तिला दारात शेवगा चालत नाही.)

नैवेद्य ठेवून आम्ही मागं सरतोय न सरतोय तोच कावळा शिवला. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कसली म्हणून वासना राहिली नाही. माझे वडील, आबा, कानाशी म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा येळेवर जेवलं." मला हसू आवरेना, आणि आबांकडं बघितलं तर ते हसत नव्हते.

तुला आण्णांचा तो ठरलेला विनोद आठवत असेल. घरात नवीन जावई आला की त्याला समोर बसवून विचारायचे, "मी तीन जिल्ह्यांत राहिलोय, पण घर एकच. सांगा कसं?" जावई गोंधळला की खूश. १९३१ साली जन्मले तेव्हा आपला तालुका सातारा जिल्ह्यात. १९४९ ला दक्षिण सातारा निघाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. उंबरा जागचा हलला नाही, कागदावरचा पत्ता तेवढा बदलत गेला.

प्रतिसरकारच्या काळात ते बारा वर्षांचे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडे मच्छिंद्र आपल्याच तालुक्यातलं. आसपासच्या रानांत भूमिगत माणसं असायची, आणि मोठ्यांवर पोलिसांची पाळत म्हणून भाकरी पोचवायला पोरं. आण्णा म्हशीमागं जायचे. म्हशीच्या पाठीवर घोंगडं, घोंगड्यात भाकरीचं गाठोडं. ओढ्याकाठच्या करंजाखाली ठेवायचं आणि मागं न बघता यायचं. कोण घेऊन जातं ते त्यांना कधीच कळलं नाही. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली. त्या घटनेची यांची आठवण एवढीच की पुढं चार रात्री आई दाराला कडी घालून जागी बसली होती. १९७२ साली केंद्रानं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली तेव्हा कुणीतरी अर्ज भरून आणला, फक्त सही करा म्हणाला. आण्णा म्हणाले, "मी गाठुडं पोचवलं. द्यायची तर आईला द्या, भाकरी तिनं थापल्या." पणजी तेव्हा हयात होती. तिनंही अर्ज केला नाही.

मग सातवीची फायनल झाली आणि साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात गेले. कर्मवीर भाऊरावांना तिकडं सगळे अण्णा म्हणत, म्हणून गाव यांना आण्णा म्हणायला लागलं तेव्हा ते अवघडायचे. "खरं आण्णा साताऱ्याचं, मी आपला भावंडांत थोरला म्हणून." तिथं पोरांनीच शेतात राबायचं, पाणी ओढायचं, आळीपाळीनं स्वयंपाक करायचा आणि मग शाळा शिकायची. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. सुट्टीत घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तर पणजीनं गोमूत्र शिंपडून आत घेतलं, असं ते हसत सांगायचे. पण सांगता सांगता हसणं कमी होत जायचं. पुढं सरपंच झाल्यावर गावात पहिला सार्वजनिक नळ आला, तो यांनी चावडीपुढं न बसवता मागासवर्गीय वस्तीत बसवला. "आता पाणी पाहिजे तर तुम्ही तिकडं जावा." दीड महिना अर्धं गाव नदीचं पाणी भरत होतं. मग उन्हाळा आला.

हे सगळं भाषणांत आलं. न आलेलं तुला सांगतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आपल्याकडं फळीवरची भांडी पडली, दोन-चार भिंती कलल्या. उजाडल्यावर कोयनानगरची बातमी आली, तसे आण्णा घरोघरच्या भाकरी, घोंगडी आणि दहा-बारा पोरं ट्रकात घालून पाटणकडं निघाले. नऊ दिवस तिकडंच. इकडं आबा, वय वर्षं अकरा, टायफॉईडनं फणफणलेले. आज्जीनं निरोप धाडला, तो पोचला की नाही कोण जाणे. दहाव्या दिवशी आण्णा आले, कपाळाला हात लावायला गेले, तर आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "कोयनेची पोरं आधी, आम्ही मागनं." हे वाक्य मी दर दिवाळीला ऐकत मोठा झालो. आण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत. समजूतही घातली नाही, रागावलेही नाहीत.

७२ च्या दुष्काळातही तसंच. आपल्याला कृष्णेचा आधार, पण आटपाडीकडची माणसं जनावरं घेऊन नदीकाठाला जगायला आली. आण्णांनी आपलं परडं मोकळं करून दिलं आणि शेतातलं वाढं त्या जनावरांना घातलं. गाव अजून त्याचं कौतुक करतं. आज्जी मात्र मला एकदा म्हणाली होती, "चाळीस जनावरांचं शेण कोण काढत हुतं, ह्ये कुणी इचारलं न्हाई." रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी थापून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. आण्णांना हे दिसलं नसेल असं नाही. पण गावच्या कामात बायकामाणसाचे हात धरलेलेच असतात, मोजत कुणी नाही. या बाबतीत ते त्यांच्या पिढीपेक्षा वेगळे नव्हते.

सोसायटीच्या निवडणुकीत ते अकरा मतांनी पडले ते तुला आठवतच असेल, आपण नववीत होतो. सख्ख्या पुतण्याची थकबाकी होती. त्याला वाटलं चुलताच चेअरमन, आपल्याला कोण हात लावतंय. आण्णांनी इतरांच्या बरोबरीनं त्याच्याही दारात जप्तीची नोटीस चिकटवायला लावली. भावकी फिरली. निकालाच्या संध्याकाळी घरात सुतक असल्यासारखं वातावरण, आणि हे तुझ्या सायकलची चेन बसवत होते. ती सायकल त्यांनी तुला का दिली, ते तू कधी विचारलंस का? मला आता आबांकडून कळलं. तुझे वडील गेले त्या वर्षी तू शाळा सोडून गुऱ्हाळावर जाणार होतास. मास्तरांनी येऊन सांगितलं. सायकल माझ्यासाठी घेतलेली होती. मला त्यांनी सांगितलं, दुकानात रंग संपलाय, पुढच्या महिन्यात येईल. तो पुढचा महिना दोन वर्षांनी आला. (हिशेब अजून बाकी आहे, लक्षात ठेव.)

पण खरं सांगायचं ते पुढचंच आहे.

२०१२ साली आज्जीला झटका आला, डावी बाजू गेली. आण्णा तेव्हा ८१ वर्षांचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध संस्थेचा, देवळाच्या कमिटीचा, सगळ्यांचा राजीनामा एकाच कागदावर लिहून पाठवला. माझ्या आईनं स्वयंपाकाला बाई लावायचं काढलं, तर म्हणाले, "हिच्या दोन भाकरी मी करतो." आम्हाला थट्टा वाटली. साताऱ्याचं बोर्डिंग आम्ही विसरलो होतो, त्यांचे हात विसरले नव्हते.

तू ते बघायला हवं होतंस. परातीत मूठभर पीठ, कढत पाणी, मग तळहाताच्या बुडानं ते असं मळायचे की पिठाला लोण्यासारखा मऊपणा यायचा. बोटं वाकडी झालेली, तरी भाकरी परातीत आपोआप फिरायची, कड कुठं फुटायची नाही. तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात. उलटली की कान देऊन बसायचे. हो, कान देऊन. पापुद्रा सुटताना बारीक आवाज येतो म्हणायचे, मला कधी ऐकू आला नाही. मग तवा उतरवून जाळापुढं उभी करायची, टम्म फुगायची. पापुद्रा सोलून तो दुधात कुस्करायचा आणि चमच्यानं आज्जीला. पहिल्या दिवशी आज्जी रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मीठ घाला की वाईच." त्यानंतर नऊ वर्षं ती रोज काहीतरी चूक काढायची आणि ते रोज ऐकून घ्यायचे. गावातली माणसं तंटा घेऊन आली की चुलीपुढंच बसायची. पीठ मळता मळता न्याय व्हायचा. दोघं भाऊ वाटणीवर भांडत आले तर त्यांच्यापुढं एक भाकरी ठेवून म्हणाले, "आधी ही खावा, मग बोला." मोडली थोरल्यानं, मोठा तुकडा धाकट्याला दिला. वाटणी मात्र तरी कोर्टात गेलीच, उगीच गोड करून सांगत नाही.

आणि आबा. आबांनी एक अक्षर कौतुक केलं नाही. पण हळूहळू संध्याकाळी ते चुलीशी येऊन बसायला लागले. न बोलता जाळ सारायचे. बाप थापतोय, लेक लाकूड पुढं ढकलतोय. मी दारातून बघायचो आणि आत जायचं टाळायचो.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ ची, यावरून समज. आपल्या सोप्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बोट आली. पोरांनी आज्जीची कॉटच उचलली. आण्णांनी सोबत काय घेतलं असेल? परात आणि तवा. शाळेच्या माडीवर सहा दिवस होतो. पूर्वीचे आण्णा असते तर यादी करत, माणसं मोजत, बोटवाल्यांशी वाद घालत फिरले असते. यावेळी तरणी पोरं विचारायला आली की म्हणायचे, "तुमचं तुम्ही ठरवा, मला हिचं बघायचंय." गावाला ते जरा खटकलं, मला वाटतं. आबांना नाही खटकलं. ती यादी आबांनी केली.

आज्जी २०२१ ला गेली. त्यानंतर आण्णांनी परातीला हात लावला नाही.

आता तुझा प्रश्न. दोन दिवस ते बोललेच नव्हते. त्या रात्री मी आणि आबा उशाशी होतो. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची, उसाला पाणी चालू होतं. दोनच्या सुमारास आण्णांनी डोळे उघडले. आबांकडं बघून म्हणाले, "मोटर बंद केलीस का?" आबा म्हणाले, "केली." थोड्या वेळानं आण्णा म्हणाले, "मग नीज आता." आबा ६८ वर्षांचे आहेत. त्यांनी खरंच कॉटच्या कडेला डोकं टेकलं. आण्णांचा हात त्यांच्या कपाळावर होता. चारच्या आधी कधीतरी गेले, आम्हा दोघांनाही नेमकं कळलं नाही.

मोटर चालूच होती. आबांनी कुणाला उठवलं नाही, बॅटरी घेतली आणि नदीकडं निघाले. मी मागनं. सऱ्या भरून पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरलं होतं. आबांनी बटण दाबलं, मग खोरं घेऊन चिखलात उतरले. मी म्हटलं, "आबा, घरी चला, आईला सांगायचंय." ते म्हणाले, "थांब, एवढं दारं मोडू दे."

उन्हाळ्यात ये. कळव आधी, म्हणजे माडी झाडून ठेवतो.

तुझाच,
सायकलीचा खरा मालक